आधी जिना, मग छत

मल्लूअप्पा मंडपवाल्यानं नव्या घराला छत टाकायचंच नाही असा नवस बोललाय, अशी बातमी रेणापुरात फिरत होती. चहाच्या टपरीवर ती जाड आवाजात, बशीत फुंकर मारत सांगितली जायची: महादेवाला शब्द दिलाय म्हणं, घराला आभाळच छत. पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या आवाजावर ओरडून सांगावी लागायची, आणि ओरडता ओरडता ती बदलायची. नवस नाही, कुणीतरी करणी केलीय. आमच्या शाळेत पोचेपर्यंत तर मल्लूअप्पाच्या भिंतींवर ठेवलेले पत्रे सकाळी उठून आपल्या पायांनी दुकानात परत जात होते.

मला तिन्ही आवाज काढता येतात. बशीतली फुंकरही येते. म्हणून ही बातमी मी ज्याला जशी हवी तशी करून दाखवत होते, आणि एकदा खुद्द मल्लूअप्पालाही करून दाखवली. पत्र्यांच्या पायांपाशी तो इतका हसला की त्याच्या दातातली सुतळी खाली पडली.

खरं एवढंच होतं की कोणतं छत टाकावं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

मल्लिनाथ हे त्याचं नाव, पण तसं फक्त लग्नपत्रिकेच्या तळाशी येतं, 'मंडप डेकोरेशन'च्या पुढे. बाकी सगळ्यांचा मल्लूअप्पा. मंडप बांधताना सुतळीचं टोक दातात धरायची सवय, त्यामुळे दातात काही नसलं तरी त्याचं बोलणं तोंडाच्या एका कोपऱ्यातून येतं, ओठ न मिटता. त्याची नक्कल करायला सोपी आहे. पेन्सिल दातात धरायची आणि हळू बोलायचं, जणू पलीकडच्या बांबूवर कुणी झोपलंय.

त्याच्या कामाची एक रीत आहे. मंडप उभा झाला, झालर लागली, गडी चहाला गेले की अप्पा मधोमध सतरंजीवर उताणा पडतो. हाताची उशी, डोळे वर. कापडाला कुठं झोळ आलाय, कुठं भोक पडून उन्हाचा ठिपका खाली आलाय, वारा कुठून शिरतो, हे म्हणे उभ्या माणसाला कळत नाही. "छत बघायचं तर पडून बघावं," तो म्हणायचा. नवरीचा बाप येऊन मंडपवाला झोपलेला बघायचा आणि काही बोलणार तेवढ्यात अप्पा उठून बरोबर त्या एका बांबूची गाठ सोडून परत बांधायचा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर एकेका दिवसाचं छत बांधलेल्या माणसाला कायमचं छत बांधायची वेळ आली, आणि तो अडला. अडण्याचं कारण अंबिकामावशी होत्या.

अंबिकामावशी म्हणजे अप्पाची बायको. माहेर औशाकडचं. भूकंप झाला तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. घरातली माणसं वाचली, पण तेव्हापासून त्या घराच्या छताखाली झोपत नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भाड्याच्या खोलीत अप्पा आणि त्यांची मुलगी दामिनी, जी माझ्याच वर्गात आहे, आत पत्र्याखाली झोपायचे, आणि मावशींची बाज अंगणात. थंडीत दोन गोधड्या. पावसात मंडपाच्या सामानाचं तिन्ही बाजूंनी उघडं शेड, तिथं कनातींच्या गठ्ठ्यावर. कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बायका एकमेकींना डोळ्यांनी खूण करायच्या: भ्या बसलंय बिचारीला.

अप्पाला एकच हवं होतं. ज्याच्याखाली ही बाई डोळे मिटेल असं छत. बाकी घर कसंही चालेल.

भिंती उन्हाळ्यातच लिंटलच्या वर गेल्या. गवंडी संगप्पा देगलूरकडचा, चिडला की अर्धं वाक्य तेलुगूत जायचं. तो रोज विचारायचा, "अप्पा, वर काय टाकायचं? मी भिंतीला हात लावून उभा राहून राहिलो." अप्पा म्हणायचा, थांब जरा, बघलालो.

आणि खरंच बघत होता. गावभर, पडून.

पहिल्यांदा शेषेराव गुरुजींकडं गेला. गुरुजी निवृत्त, त्यांचा स्लॅब नवा, पांढरा, मधोमध प्लास्टरचं कमळ. दुपारी बारा वाजता अप्पा दारात उभा राहिला आणि म्हणाला, गुरुजी, तुमच्या हॉलमधी जरा पडू का. गुरुजींना वाटलं चक्कर आली. त्यांनी पाणी आणलं, कांदा आणला. अप्पा कमळाखाली पाठ टेकून निवांत वर बघत राहिला. घरी आल्यावर सांगितलं की स्लॅबला आवाजच नाही. पंख्याचा आवाज वर जातो आणि तसाच खाली येतो. दुपारी खालच्या माणसाला भाकरीसारखं भाजतो. मजबूत आहे, पण छातीवर बसल्यासारखं वाटतं.

मावशी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं."

मग बाजारातल्या एका दुकानाचा पत्रा. तिथं मीही गेले होते, कारण पत्र्याचा आवाज मला जमत नव्हता. उन्हानं तापताना पत्रा मधूनच 'टण्' करतो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरीकडून 'टक्'. जणू दोन म्हातारे भांडून अबोला धरून बसलेत आणि अधूनमधून एकेक शब्द टाकतायत. साळुंकी चालली तर तिची नखं मोजता येतात. अप्पा म्हणाला, पत्रा हलका आहे, पडला तरी माणूस मरत नाही. पण सारखा बोलतो. झोपू देईल का?

मावशींनी विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "बरं."

किनवटला लग्नाचं काम होतं, तेव्हा अप्पाच्या गड्यांपैकी बजरंगच्या घरी कवेलूंखाली, म्हणजे कौलांखाली, पडून झालं. तिथं म्हणे छतातून उजेडाच्या बारक्या सुया येतात आणि धुरात उभ्या राहतात. मांजर वरून गेली की मातीच्या बांगड्या वाजल्यासारखं होतं. बजरंग उभा राहून म्हणत होता, "अप्पा, तुम्ही काय करून राहिले? जेवून घ्या ना आधी." अप्पाला ते छत आवडलं होतं. पण माकडं. माकडांचा एक कळप आला की कवेलूंचा चुरा, आणि खालच्याच्या डोळ्यात माती.

शेवटी केवळाबाईंचं माळवद. आमच्याकडची जुनी छतं अशीच, लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर हातभर माती. भूकंपात लोकांच्या अंगावर आली ती बहुतेक हीच, म्हणून आता कुणी नव्यानं बांधत नाही. केवळाबाईंनी मात्र मोडलं नाही. उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं भोक, त्याला त्या साणं म्हणतात, त्यातून उन्हाची एक भाकरी जमिनीवर पडते आणि दिवसभर सरकत सरकत चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाते. अप्पा त्या भाकरीशेजारी पडला आणि झोपी गेला. केवळाबाईंनी उठवलं नाही. ऊन उंबऱ्याला लागलं तेव्हा तो आपोआप उठला आणि घरी आला. एवढी गार, एवढी मऊ झोप देणारं छत, आणि तेच बायकोला दाखवायची सोय नाही.

त्या दिवशी त्यानं काही सांगितलं नाही. तरी मावशी म्हणाल्या, "बरं."

पावसाळा घरात येऊन गेला. हॉलमध्ये टोमॅटोचं झाड उगवलं, कुणीतरी डब्यातलं खाऊन बी टाकलं असणार. स्वयंपाकघरात दुधी भोपळ्याचा वेल खिडकीच्या रिकाम्या चौकटीवर चढला आणि बाहेर डोकावून परत आत आला. शाळा सुटली की मी आणि दामिनी तिथं जायचो. प्रत्येक खोलीला आपापलं आभाळ होतं. हॉलचं मोठं, मोरीचं रुमालाएवढं. एखादा ढग हॉलमध्ये शिरायचा, भिंतीआड जायचा आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात निघायचा, पाहुण्यानं घर बघत फिरावं तसा. आम्ही जमिनीवर पडून तो कुठल्या खोलीत थांबतो ते बघायचो. तिथं आवाज काढला की तो भिंतींना लागून परत यायचा नाही, वरून निघून जायचा. कुणाचीही नक्कल केली तरी जरा दूरची वाटायची. मधूनमधून मावशीही यायच्या, टोमॅटो तोडायला. उभ्या राहायच्या, वर बघायच्या, जरा जास्तच वेळ. मग ओच्यात टोमॅटो घेऊन जायच्या.

तिथंच पैज लागली. अप्पा मोरीच्या भिंतीवर बसला होता. मी पेन्सिल दातात धरून त्यालाच त्याच्या आवाजात म्हणाले की अप्पा, सोन्याचं छत टाकलं तरी मावशी ह्या घरात झोपायच्या न्हाईत. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. जे सगळे म्हणत होते तेच मी चांगल्या आवाजात म्हटलं. अप्पानं थोडा वेळ वर पाहिलं.

"लावती का पैज?" तो म्हणाला. "ती छताखाली झोपली तर तू नकला बंद. कायमच्या नको, मला करमायचं न्हाई. पुढच्या दिवाळीपस्तोर."

"अन् न्हाई झोपल्या तर?"

"तर शाळेच्या गॅदरिंगला तुला स्टेज, झालर, माईक. अन् मी पहिल्या रांगेत. माझीच नक्कल कर."

मी लगेच हात पुढे केला. झालर कोणत्या रंगाची हेसुद्धा मी त्याच संध्याकाळी ठरवलं होतं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेषेराव गुरुजींनी सगळ्या गल्लीला शेतात बोलावलं होतं. ज्याला शेत नाही त्यानं येळवसेला घरी बसू नये अशी आमच्याकडची रीत, आणि मंडपवाल्याला कुठलं शेत. हरभरा गुडघ्याएवढा, ज्वारी पोटऱ्यात आलेली. आंब्याखाली कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, आणि त्यांच्यापुढं भज्जी, उंडे, आंबिलीचं बोळकं. पूजा झाली, जेवणं झाली. भज्जी खाऊन माणसं जिथं होती तिथं आडवी झाली. गुरुजींचं घोरणं वर चढताना शीळ घालतं आणि उतरताना पाढे म्हणतं, ते मी दामिनीला हळूच करून दाखवत होते.

अप्पा मात्र उठला, कोपीपाशी गेला आणि सवयीनं उताणा पडून डोकं आत घातलं. कोप कंबरेएवढीच. त्यामुळे मान पांडवांपाशी आणि बाकीचा मल्लूअप्पा बाहेर उन्हात. आतून त्याचा आवाज आला की कडब्याचं छत बेस हाय, वास गोड येतो, वजन न्हाई.

मावशी आंबिलीची भांडी गोळा करत होत्या. त्या हसायला लागल्या. आधी पदरात, मग उघड. मी त्यांना एवढं हसताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज लहान पोरीचा निघाला. हसू आवरून त्या अप्पाच्या पायांपाशी बसल्या आणि पायांशीच बोलल्या.

"अवं, गावातल्या सगळ्या छतांच्या खाली पडून आलाव. वर कुणी गेलतं का?"

पायांची बोटं तेवढी हलली.

"मला भ्या वाटतंय म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सगळेच म्हणतात," पायांच्या पलीकडून आवाज आला.

"मी म्हणले का कधी?"

अप्पानं डोकं बाहेर काढलं. केसांत कडब्याचं पातं अडकलेलं. मग मावशींनी जे सांगितलं ते हळू सांगितलं, मधे थांबत, आणि सांगताना त्या ज्वारीकडं बघत होत्या. भूकंपानंतर त्यांचं सगळं गाव रानात झोपायचं. एक हिवाळा, मग उन्हाळा. चुलत-मावस सगळी पोरं एका रांगेत, एका लांबच लांब वाकळीत. त्यांचा बाप, घरात कधी तोंड न उघडणारा माणूस, रानात पडल्या पडल्या बोलायला लागला. कोणती चांदणी कुठून निघते, चांदण्यांची बाज कशी उलटी दिसते, तिच्या पायाशी चोर कसे बसलेत. थंडीनं नाक लाल आणि डोक्यावर सगळं आभाळ. सहा वर्षांच्या पोरीला वाटायचं, हे असंच राहावं.

"अन् पल्याडच्या रांगेत रोज रडणं चालू असायचं," त्या म्हणाल्या. "मी वाकळंत तोंड घालून हसायची. असं कुणाला सांगावं? लोकं म्हणू लागली, पोरीला भ्या बसलंय. म्हणलं, असू द्या."

गुरुजींचे पाढे चालू होते. वाऱ्यानं ज्वारी एका बाजूला झुकली आणि उठली. मला मावशींचा आवाज करून बघायची हुक्की आली नाही, हे मला तिथंच कळलं आणि जरा नवल वाटलं.

अप्पानं केसांतलं पातं काढलं, दातात धरलं. एवढे महिने तो हलकं छत शोधत होता, अंगावर पडलं तरी न लागणारं. तिला छताखालची नाही, छतावरची जागा हवी होती.

"मग स्लॅब," तो शेवटी म्हणाला. "पत्र्यावर कुणी झोपत न्हाई."

"तापतोय ना स्लॅब?"

"सांजच्याला पाणी मारू."

"बरं," मावशी म्हणाल्या. पण हे 'बरं' निराळं होतं. आधीची सगळी खाली उतरून संपायची. हे वर गेलं आणि तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी संगप्पाला हुकूम मिळाला: आधी जिना, मग छत. संगप्पानं कपाळाला हात लावला. "छत न्हाई अन् जिना करून राहिलो तर तो जाणार कुठं?" पुढचं वाक्य तेलुगूत गेलं. पण जिना झाला. चार दिवस तो तसाच आभाळात उघडत होता, आणि मावशी रोज एकदा शेवटच्या पायरीपर्यंत जाऊन, तिथं जरा बसून, खाली येत होत्या. गावात नवी बातमी निघाली की मंडपवाल्यानं आता थेट कैलासाला जिना बांधलाय. ती मी टपरीच्या आवाजात केली.

टोमॅटोचं झाड मावशींनी कुंडीत काढून घेतलं. सेंट्रिंग ठोकलं, गज बांधले, आणि स्लॅब भरायच्या दिवशी अप्पानं स्वतः वर जाऊन चारही कोपऱ्यांत लोखंडी कड्या ओल्या सिमेंटात रोवल्या. संगप्पानं विचारलं की पाळणा बांधायचा का आता ह्या वयात. अप्पा म्हणाला, पाइप उभे करायचे. पावसात वर ताडपत्रीचा मंडप.

मग स्लॅबवर आळी करून पाणी भरलं, आणि छतावर आभाळ येऊन बसलं. आधी खोल्यांच्या वर होतं तेच, आता छतावर आडवं. त्यात एक टिटवी येऊन चालून गेली. मावशी कठड्यापाशी उभ्या राहून त्या पाण्यातल्या ढगाकडं बघत होत्या, आणि अप्पा मावशींकडं.

अक्षय्य तृतीयेला जंगम स्वामी आले, पूजा झाली, जेवणं झाली. त्या दिवसापासून मावशींची वाकळ वर. अप्पाची आणि दामिनीचीही वर. गरमीत सगळी गल्लीच आपापल्या छतावर जाते, त्यामुळे आता मावशी वेगळ्या राहिल्या नाहीत. फक्त पाऊस आला तेव्हा बाकीचे खाली गेले आणि अप्पाच्या छतावर निळी ताडपत्री ताणली गेली, चार कड्यांना चार पाइप.

मी पैजेचा हिशेब मागायला सुरुवात केली. घर झालं, छत झालं, मावशी छताखाली झोपल्या नाहीत. झालर गुलाबी पाहिजे. अप्पा म्हणायचा, थांब जरा. मी म्हणायचे, आता काय थांबायचं, जिना तुम्हीच बांधलाव ना. तो सुतळी दातात घेऊन दुसरीकडं बघायचा.

नागपंचमी झाल्यावरचा रविवार होता. आईनं पुरणाच्या दिंडांचं त्यांचं पातेलं परत द्यायला मला पाठवलं. दार उघडं होतं. उंबऱ्यावर अप्पा बसला होता, आणि त्यानं मला बघून ओठांवर बोट ठेवलं. दातात काही नव्हतं. ओठ मिटलेले.

आत हॉलमध्ये, जिथं टोमॅटोचं झाड होतं तिथं, शहाबादी फरशीवर मावशी कुशीवर पडल्या होत्या. हाताची उशी, चष्मा शेजारी, बोटांना अजून कणीक लागलेली. वर पांढरा स्लॅब, कमळ वगैरे काही नाही. जिन्याचं दार उघडं होतं आणि त्यातून उन्हाची एक चौकोनी पट्टी पायऱ्या उतरून त्यांच्या पायांपर्यंत आली होती.

"जरा पाठ टेकते म्हणली," अप्पा कुजबुजला. "ऊन तिथं स्वयंपाकघरापाशी होतं तवा."

"दुपारची झोप धरायची न्हाई," मी कुजबुजले.

"तसं ठरलं न्हवतं."

ठरलं नव्हतंच. मावशींची झोप जरा हलली. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "काय करलालाव तिथं?"

"काही न्हाई," अप्पा म्हणाला. "छत बघलालो."

"ते कुठं जातंय आता," त्या म्हणाल्या, कूस बदलली, आणि पुन्हा डोळा लागला.

मग त्या घोरायला लागल्या. बारीक, गोड, मधेच अडखळणारं. जणू कुणी लांब वाकळीत तोंड घालून हसतंय आणि श्वास घ्यायला थांबतंय. असं घोरणं मी आजवर ऐकलेलं नाही. पहिल्याच आवर्तनाला ते मला बरोबर सापडलं, जीभ टाळूला कुठं लावायची तेही कळलं, आणि मी तोंड उघडलं.

अप्पानं बोट माझ्याकडं केलं आणि नुसते ओठ हलवले. दिवाळीपस्तोर.

मी पातेलं उंबऱ्यावर ठेवलं, न वाजवता, आणि तोंड मिटलं.